तपासणीचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या जठारपेठेत माळ्यांवरून कूलर उतरायला लागतात. गेल्या वर्षीची कोळपलेली गवताची ताटी उचकटायची, तळाचा पांढरा क्षार घासायचा, नवी ताटी बसवायची आणि पाणी सोडून बटण दाबायचं. पहिल्या मिनिटाला धुळीचा फुफाटा येतो आणि मग ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. लोकांना हा वास आवडतो. गल्लीत पोरंटोरं कूलरसमोर तोंड उघडून उभी राहतात. माझं तसं होत नाही. हा वास आला की मी सगळ्यात आधी सुनंदाच्या पायांकडे बघतो. ती उंबरा ओलांडताना उजवा पाय पुरता उचलते की किंचित ओढते, हे बघतो. ती माझी बायको. मी बघतो आहे हे तिला कळतं, आणि ती मुद्दाम पाय आपटत चालते.

यंदाही कूलर उतरला आणि मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. खरं तर आठवला असं म्हणणं बरोबर नाही. तो विसरलो असतो तर आठवला असता.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मी अकोल्यात बियाणं तपासण्याचं काम केलं. पिशवीवर काहीही छापलेलं असो, आम्ही शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे आणि किती उगवतात ते बघायचं. दुकानातून नमुना घेतला की त्याचे तीन भाग करायचे. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला आणि एक लाखेचं सील लावून कपाटात, उद्या भांडण झालं तर असावा म्हणून. तीस वर्षं असं केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा वागणार? मी दूध हुंगून घेतो, कलिंगड कापून घेतो, लग्नाच्या पंगतीत भाताचं शीत चिमटून बघतो. सुनंदा म्हणायची, "लग्नाच्या आधी मले बी भिजवून पाह्यलं असतं तुमी. मोड येते का नाई म्हणून." आणि खळखळून हसायची. आमची मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात एवढं मोठ्यानं हसणारं दुसरं कोणी नव्हतं.

दुखण्याची सुरुवातही संशयानंच झाली. त्या उन्हाळ्याआधीचा दसरा. बाजारात फुलंवालीशी सुनंदाचं जुंपलं. "हे झेंडू कालचे हायेत. रंग उतरला फुलाइचा." फुलंवाली शपथा घालत होती की पहाटे मळ्यातून तोडून आणलेत. मी अर्थातच बायकोच्या बाजूनं. विकणारा माणूस खरं बोलतो यावर माझा कधी विश्वास नव्हता. पण फूल हातात घेतलं तर देठ ओला होता, रंग केशरी भडक. सुनंदानं एक डोळा झाकला, मग दुसरा. आणि हळू आवाजात म्हणाली, "आवो, हा डोया झाकला तं झेंडू ताजे दिसते. तो झाकला तं शिळे." आम्ही दुप्पट फुलं घेतली आणि गुपचूप घरी आलो. फुलंवालीची माफी मागायची राहूनच गेली.

मग पायाला मुंग्या. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका. अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, यंत्रात घालून फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून पांढरे ठिपके दाखवले आणि नाव सांगितलं : मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणाले, विजेच्या तारेवर जसं आवरण असतं तसं नसांवर असतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींना या आवरणाचाच संशय येतो. परकं समजून त्या ते कुरतडतात. कुरतडलं की तिथला निरोप पुढे जात नाही. मग सूज उतरते, थोडं भरून येतं, माणसाला वाटतं बरं झालं. पुन्हा कधीतरी दुसरीकडे सुरू. मुळापासून जात नाही, पण हल्ले कमी करता येतात. त्यासाठी आठवड्याला एक सुई, न चुकता. मी ऐकत होतो आणि मला डॉक्टरांपेक्षा त्या पेशींचंच जास्त कळत होतं. घरातल्याच माणसावर डोळा ठेवणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

सुईची सुनंदाला धास्ती होती. घेतली की दुसऱ्या दिवशी अंग मोडून यायचं, कणकण. तरी ती स्वतः मांडीत टोचून घ्यायला शिकली. मी कामावर गेलो की गुरुवारी दुपारी घ्यायची.

संक्रांतीला तिचा भाऊ आला, अमरावतीहून. बहिणीचा हात हातात घेऊन बसला. "भाऊजी, आमच्या इकडे एक वैद्य मॅडम हायेत. एकदा दाखवून तं पाहा. यकीन करा, लय लोकाइले गुण आला." लय लोक म्हणजे किती, असं मी विचारलं. तो रागावला. "तुमाले सगळं मोजूनच पाह्यजे काय?" मला मोजूनच पाहिजे होतं, पण सुनंदा मधेच म्हणाली, "मले जायचं हाय." तिला जायचं होतं म्हणून गेलो.

वैद्य मॅडम पन्नाशीच्या. दवाखान्यात तेलाचा आणि उकळलेल्या काढ्याचा वास, भिंतीवर एकही हार घातलेला फोटो नाही. त्यांनी नाडी बघायच्या आधी अहवाल मागितला आणि पूर्ण वाचला. म्हणाल्या, "आमच्या ग्रंथांत या नावाचा रोग नाही. असेल असं सांगणारे सांगतात, मी सांगत नाही. लक्षणं बघून मी याला वाताच्या रोगांत धरते, मज्जेपर्यंत पोचलेला वात. तेलाचं मालिश करू, बस्ती देऊ, झोप, पोट आणि जेवण सुधारू. एक साधं चूर्ण देईन. ताकद टिकेल, आखडणं कमी होईल अशी आशा आहे. बरं करते, असं म्हणणार नाही."

"आणि सुई?" मी विचारलं.

"सुई चालूच. तिला हात लावायचा नाही. माझ्या औषधांची यादी त्या डॉक्टरांना दाखवा. वाफेचा शेक मी यांना देणार नाही, उष्णतेनं त्रास वाढतो. अश्वगंधाही नाही. ती प्रतिकारशक्तीला चढवते अशी शंका आहे, आणि इथं तीच तर अंगावर उठली आहे."

आता दुसरा कोणी असता तर एवढं सरळ बोलणं ऐकून निर्धास्त झाला असता. मी उलटा घाबरलो. माझ्या धंद्यातला अनुभव असा की मोठमोठं बोलणारा व्यापारी सहज सापडतो, पण जो म्हणतो 'साहेब, हे बियाणं तितकं खास नाही, तुम्ही तपासून घ्या', त्याच्या गोदामाला दोनदा चक्कर मारावी. ही बाई कशाचीच हमी का देत नाही? चूर्णात काय आहे? ऐकलं होतं की अशा पुड्यांत कोणी कोणी स्टिरॉइड कालवतात, कोणी भस्माच्या नावानं धातू. परत येताना गाडीत मी पुडी उघडून हुंगली. मूर्तिजापूर यायच्या आत सुनंदानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे नमुना काढला. तीन भाग. एक खाजगी प्रयोगशाळेला पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की जे शोधायला सांगितलं होतं त्यातलं काही सापडलं नाही. मग मला प्रयोगशाळेचाच संशय आला. तिची तपासणी कोणाकडून करून घ्यायची, ते काही सुचेना.

इकडे घराला तिळाच्या तेलाचा वास लागला. उशा, पडदे, माझे शर्टसुद्धा. शेजारच्या बाई येऊन सुनंदाचे पाय चोळून द्यायच्या, दोघी गप्पा मारायच्या. आणि होळीपर्यंत सुनंदा खरोखर सुधारली. मुंग्या गेल्या. चौकापर्यंत पायी जाऊन कोथिंबीर घेऊन आली. मग श्रेय वाटायला सगळे पुढे सरसावले. मेहुणा म्हणाला, मॅडमचं चूर्ण. डॉक्टर म्हणाले, सुई. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्यांनी देवीला बोललेला नवस. मला वाटायचं, हे दुखणं तर स्वतःच येतं आणि स्वतःच ओसरतं. ओसरताना ज्याची बाटली फळीवर असेल, त्याचं नाव होतं. अशा रोगात कोणालाही धन्वंतरी होता येतं. मग खरं कोण?

आमच्याकडे याला सोपा उपाय असतो. औषध लावलेल्या बियाण्याशेजारी बिनऔषधाचं बियाणं पेरायचं आणि फरक बघायचा. पण माझ्याकडे सुनंदा एकच होती. हे वाक्य आज लिहिताना हात थांबतो. तेव्हा थांबला नाही. तेव्हा मी असा विचार केला की थोडे दिवस चूर्ण, थोडे दिवस तशीच दिसणारी खोटी पुडी, असं आलटून पालटून बघावं. तिला सांगितलं तर मनाचा खेळ होईल, म्हणून सांगायचं नाही. सुईला मी हात लावणार नव्हतो. तेवढी अक्कल मला होती, असं मी स्वतःला पटवत होतो.

चूर्ण संपलं, तेव्हा मी एकटाच अमरावतीला गेलो. आणलेलं नवं चूर्ण कपाटात कुलपात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुनंदा शेजारी कुरड्यांचा चीक शिजवायला गेली, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा कढई ठेवली आणि ज्वारीचं पीठ भाजलं. तपकिरी होईपर्यंत. रंगाला हळद, कडूपणाला काडेचिराईत. कागदाच्या घड्या मॅडमच्या दवाखान्यात घालतात तशाच घातल्या. मला त्या पुड्यांचा अभिमान वाटला. कढई घासून जागेवर ठेवली.

सकाळ-संध्याकाळ मी पुडी द्यायचो, ती कोमट दुधाबरोबर घ्यायची. कधी नव्हे ते माझ्या हातातून पुडी घेताना माझ्याकडे बघायची. मला वाटलं, कौतुकानं बघते आहे. मी एका वहीत तिची चाल, डोळा, हाताची पकड लिहून ठेवत होतो.

वैशाख चढत गेला. अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोलेकरालाच ठाऊक. दुपारी अकरानंतर रस्ते ओस, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेली चारदोन माणसं, डांबर चपलेला चिकटतं. नळाचं पाणी हात पोळवतं. गच्चीवर पांढऱ्या कुरड्या वाळायला घातलेल्या, तिथं सुनंदा दरवर्षी स्वतः उभी राहायची. त्या वर्षी तीन जिने चढून गेली आणि खाली यायला तिला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की उष्णतेनं जुनी लक्षणं डोकं वर काढतात, अंग थंड झालं की निवतात. मी तिला कूलरसमोर बसवलं, ओल्या टॉवेलनं पाय गुंडाळले. पाय निवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या हातून चहाची कपबशी पडली, आणि उजव्या डोळ्यानं माझा चेहरा धुरकट दिसतो म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहिलाच पाहिजे. मला वाटलं : म्हणजे चूर्णात काहीतरी होतं! एक क्षण, फक्त एकच क्षण, मला निकाल लागल्याचा आनंद झाला. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. फुटलेल्या कपाचे तुकडे वेचताना मी हिशेब करत होतो की ज्वारी सुरू होऊन किती दिवस झाले.

अमरावतीला नेलं. सलाईनमधून पाच दिवस स्टिरॉइड द्यायचं ठरलं. म्हणजे ज्याच्या भीतीनं मी पुड्या हुंगत फिरलो, तेच आता डॉक्टर माझ्यासमोर राजरोस देत होते, आणि मी हात जोडून उभा होतो. डॉक्टरांनी कागद बघत विचारलं, "सुई वेळेवर चालू होती ना?"

मी म्हणालो, "हो, एकही चुकली नाही."

सुनंदा म्हणाली, "चार गुरुवार घेतली नाई जी."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते बाहेर गेले. मी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसलो. "का? सुई का नाही घेतलीस?"

"तुमी ज्वारी कावून दिली?"

मी दाराकडे बघितलं.

"मले पयल्याच दिवशी समजलं. कढईले वास होता. अन ज्वारी भाजलेली मले समजणार नाई काय? जनम गेला भाकरी थापण्यात." ती छताकडे बघत बोलत होती. "तुमी एकटेच अमरावतीले गेलते. आले तं बोलले नाई. दुसऱ्या दिवशी पुडीत पीठ. म्या इचार केला, यायले मॅडमनं सांगतलं असन, का आता औषध देऊन काई फायदा नाई. मले दुःख होऊ नये म्हणून हे पीठ देऊन राहिले. मंग म्या म्हणलं, सगळंच संपलं तं ते सुई कायले टोचून घेऊ? अंग दुखते तिच्यानं. बेसिनमंधे सोडून देत होती."

"मला विचारायचं नाही का?"

"तुमी मले इचारलं होतं काय?"

चार आठवडे ती सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचं पीठ खात होती आणि मी तिच्यासाठी खोटं बोलतो आहे असं समजून मला सांभाळून घेत होती. माझ्याकडे बघायची ती त्यासाठी. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आपला किती वेळ उरला आहे ते शोधत होती. मी वहीत लिहिलं होतं : 'मन प्रसन्न, बोलणं नेहमीसारखं.' मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो सुनंदानंच हात लांब करून घेतला आणि मला दिला.

सलाईन संपल्यावर आम्ही वैद्य मॅडमकडे गेलो. मला वाटलं होतं त्या हाकलून देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्या चूर्णावर संशय घेतलात त्याचं मला काही नाही. घ्यावाच. मलाही दर वर्षी वाटतं, माझ्या औषधानं होतं आहे की आपोआप. मला सांगितलं असतं तर मीच तुम्हाला दोन सारख्या दिसणाऱ्या पुड्या करून दिल्या असत्या. फक्त आधी यांना विचारून. एवढीच एक गोष्ट तुम्ही केली नाही." मग माझ्याकडे पाठ करून त्या सुनंदाशी बोलायला लागल्या, आणि पुढचा अर्धा तास मी त्या खोलीत नसल्यासारखा होतो.

आता तीन वर्षं झाली. सुई चालू आहे. चूर्णही चालू आहे, कारण सुनंदाला ते हवं आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही. मालिशनं तिचे पाय मोकळे होतात, झोप लागते, हे मला दिसतं. चूर्णानं काय होतं ते मला आजही माहीत नाही. ज्वारीमुळे बिघडलं, सुई चुकल्यामुळे, की नुसतं दुखण्याच्याच मनात आलं म्हणून, तेही माहीत नाही. चार सुया चुकल्यानं लगेच एवढं होईलच असं नाही, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. माझ्या समाधानासाठी म्हणाले असावेत. माझ्या प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नाही. उजव्या डोळ्याची नजर मात्र पुरती परत आली नाही, एवढं नक्की.

सुनंदा मला कधी त्यावरून बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी तिनं एक सुरू केलं. दर गुरुवारी सुई घेतली की टोपण लावलेली रिकामी सुई आणून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची. मी कधी मागितली नाही. ती ठेवायची, मी बघायचो, आणि मग ती डब्यात टाकायची. तीन वर्षं दर गुरुवारी. पूर्वी ती मला 'घेतली' म्हणायची आणि तेवढं पुरायचं. आता तिनं शब्द देणंच सोडलं होतं, कारण मला वस्तू लागते हे तिला कळलं होतं. ती सुई बघताना मला दर वेळी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं.

काल गुरुवार होता. मी आता निवृत्त, दुपारी घरीच. कूलर सुरू होता. सुनंदा आतल्या खोलीत गेली, फ्रीज उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं चहा आणला, दोन कप. समोर बसली. टेबलावर सुई नव्हती.

मी कपाकडे बघितलं, बशीच्या मागे बघितलं. विसरली असेल? आत ठेवली असेल? की पुन्हा बेसिनमध्ये? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तीन वर्षांनी ती मला पुरावा न देता चहा देत होती, किंवा देण्यासारखा पुरावाच नव्हता. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. फ्रीजमधल्या सुया मोजल्या असत्या तर त्याहून लवकर.

"काय ढुंढून राहिले?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"तं मंग प्या ना. थंडा होऊन राहिला."

मी चहा प्यायलो. संध्याकाळी ती देवळात गेली, घरात मी एकटा होतो, आणि मी फ्रीज उघडला नाही.